'कॉम्प्युटर बदला' हे उत्तर आपण आधी बंद करायला हवं

बार्देशी_कोडर (धागाकर्ता)

म्हापशाच्या एका फार्मसीत आमचं बिलिंग सॉफ्टवेअर सहा वर्षं चालतंय. सी शार्प भाषा, विनफॉर्म्सच्या स्क्रीन, खाली एसक्यूलाइट हा एका फाइलमधला डेटाबेस. वर्षभरापासून मालकांची तक्रार एकच: फार स्लो झालंय, मध्येच अडकतं, संध्याकाळी बटणांवरची चित्रं उडतात. आमच्याकडून उत्तरही एकच जायचं, तुमचा कॉम्प्युटर जुना झाला, बदला. ४ जीबी रॅम आणि फिरणारी हार्ड डिस्क, त्यामुळे उत्तर खोटं वाटत नव्हतं. मी स्वतः दोनदा तेच सांगितलंय.

गेल्या महिन्यात एका शुक्रवारी मी काउंटरच्या आत स्टूल टाकून बसलो. म्हापशाचा शुक्रवार म्हणजे बाजाराचा दिवस. पेडण्यापासून माणसं येतात आणि परतीची बस पकडण्याआधी औषधं घेतात. एक म्हातारी चिठ्ठी घेऊन उभी होती. मालकांनी गोळीच्या नावाची चार अक्षरं टाइप केली आणि स्क्रीन गोठली. त्यांनी एंटर दाबला, मग पुन्हा दाबला. स्क्रीन जागी झाली तेव्हा तीच गोळी बिलात तीनदा. म्हातारी हळूच म्हणाली, "बाब, हें आनीक कितलो वेळ?" तिची बस होती. मला त्या स्टुलावर बसवेना.

जे मोजलं ते सांगतो. प्रत्येक अक्षराला डेटाबेसकडे एक क्वेरी (विचारणा) जात होती, तीही यूआय थ्रेडवर, म्हणजे स्क्रीन आणि कळा सांभाळणाऱ्या थ्रेडवर. क्वेरी औषधाचं नाव शोधायची आणि शिल्लक साठा काढायला सहा वर्षांच्या विक्रीची बेरीज करायची. विक्रीच्या टेबलात २० लाखांवर ओळी, बॅचच्या रकान्यावर इंडेक्स (पटकन शोधायची सूची) नाही. एका अक्षराला पावणेदोन सेकंद, म्हणजे चार अक्षरांना सात. विंडोने ५ सेकंद मेसेज (कळ, क्लिक वगैरे) उचलले नाहीत की विंडोज तिला 'नॉट रिस्पॉन्डिंग' ठरवतं. तोवर दाबलेले एंटर रांगेत थांबलेले असतात, आणि थ्रेड मोकळा झाला की सगळे एकदम लागू होतात. ऑफिसातल्या टेस्ट डेटाबेसमध्ये औषधं ३०० आणि विक्री जवळजवळ शून्य. तिथे हे दिसणार कसं?

दुसरं, बिल सेव्ह करणं. प्रत्येक ओळ वेगळी कमिट, म्हणजे डिस्कवर पक्की, होत होती. दहा ओळींचं बिल म्हणजे वरच्या-खालच्या नोंदी धरून बारा कमिट. ७२०० आरपीएमच्या डिस्कवर एसक्यूलाइटला सेकंदाला साधारण ६० ट्रान्झॅक्शन (एकत्र कमिट होणारे बदल) जमतात, कारण डेटा खरोखर तबकडीवर उतरेपर्यंत ते थांबतं. एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये मात्र सेकंदाला ५० हजार ओळी घालता येतात, हे त्यांच्या स्वतःच्या प्रश्नोत्तरांत लिहिलंय. शिवाय प्रत्येक कमिटला जर्नल (बदल अर्धवट राहिला तर मागे घेण्यासाठीची) फाइल तयार होते आणि पुसली जाते, आणि अँटिव्हायरस दर वेळी ती फाइल उघडून बघतो. त्यामुळे बिलाला दोन-अडीच सेकंद.

तिसरी गोष्ट मला सर्वात जास्त लागली. टास्क मॅनेजरच्या डिटेल्स टॅबमध्ये 'जीडीआय ऑब्जेक्ट्स' (प्रोग्रामनं विंडोजकडून घेतलेली चित्रं, फॉन्ट वगैरे) हा कॉलम लावून बघितला. सकाळी साडेनऊला ६००, दुपारी चारला ९,७००. विंडोजमध्ये एका प्रोसेसची मर्यादा १०,००० असते. ती गाठली की बटणांवरची चित्रं जातात, फॉन्ट बदलतात, काळे चौकोन दिसतात. बारकोडचं चित्र दाखवताना आम्ही दर वेळी बिटमॅपचं (चित्राचं) हँडल, म्हणजे विंडोजकडचा त्याचा ओळख-क्रमांक, मागत होतो आणि ते परत करत नव्हतो. ते हँडल गार्बेज कलेक्टर (मेमरी आपोआप साफ करणारी यंत्रणा) उचलत नाही, स्वतः सोडावं लागतं. मालक संध्याकाळी प्रोग्राम बंद करून पुन्हा चालू करायचे, आणि वर्षभर आम्ही त्यालाच उपाय म्हणत होतो.

चार दिवस लागले. साठ्याचं वेगळं टेबल केलं, टाइप करणं १५० मिलिसेकंद थांबलं की मगच बॅकग्राउंड थ्रेडवर क्वेरी आणि फक्त पहिल्या ३० ओळी, पूर्ण बिल एका ट्रान्झॅक्शनमध्ये, हँडल सोडणं. कॉम्प्युटर तोच आहे.

माझं म्हणणं असं: ग्राहकाच्या मशीनवर, त्याच्या डेटावर मोजल्याशिवाय 'कॉम्प्युटर बदला' म्हणायचा आपल्याला अधिकार नाही. आणि डेस्कटॉप सॉफ्टवेअर विकणाऱ्या प्रत्येक ऑफिसात एक ४ जीबीचं, फिरत्या डिस्कचं मशीन हवं. त्यावर खऱ्या आकाराच्या डेटासह अर्धा दिवस चालल्याशिवाय बिल्ड (प्रोग्रामची नवी आवृत्ती) बाहेर जाऊ नये.

वेर्णा_शिफ्ट

असहमत, आणि जोर देऊन असहमत.

चार दिवस दोन माणसांचे धरले तर आठ दिवसांचा पगार झाला. तेवढ्यात किती दुकानांना एसएसडी (न फिरणारी, वेगवान डिस्क) बसली असती याचा हिशोब करा. फिरत्या डिस्कला एका जागेवरून दुसरीकडे वाचायला जायला साधारण १० मिलिसेकंद लागतात, एसएसडीला त्याचा शंभरावा भाग. तुमची क्वेरी आहे तशी ठेवूनसुद्धा दुकानदार त्याच दिवशी सुटला असता. म्हातारीची बसही चुकली नसती.

दुसरं, आपल्याकडची हवा. पावसाळ्यात कनेक्टर गंजतात, वीज दिवसातून चारदा जाते-येते. सहा वर्षांची फिरती डिस्क गोव्यात आज ना उद्या जाणारच, आणि जाईल तेव्हा डेटासकट जाईल. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. अशा मशीनवर रुग्णांची नावं आणि बिलं ठेवायला मदत करणं हे मला जबाबदारीचं वाटत नाही. 'कॉम्प्युटर बदला' हा कधीकधी प्रामाणिक सल्लाच असतो.

बार्देशी_कोडर

डिस्क बदलायला माझा विरोध नाही, बॅकअपच्या कारणासाठी मीच सांगितलंय. पण तुम्ही तिसरा मुद्दा वगळलात. १०,००० ची मर्यादा एसएसडीवरही १०,०००च आहे. नवीन मशीनवर बिलं जास्त वेगानं झाली असती आणि चित्रं चारऐवजी तीनला उडाली असती.

आणि क्वेरी आहे तशी ठेवली तर विक्रीच्या ओळी वाढत जाणार. एसएसडीनं दोन वर्षं मिळतील. मग पुन्हा काय बदला म्हणायचं?

सासष्टीकर

एवढं कशाला? दोन ओळींचं काम आहे. एसक्यूलाइटमध्ये सिंक्रोनस ऑफ करा आणि डेटाचं फोल्डर डिफेंडर या अँटिव्हायरसच्या एक्सक्लूजनमध्ये (न तपासायच्या यादीत) टाका. आमच्याकडे मडगावला तीन दुकानांत केलंय, बिल क्षणात सेव्ह होतं.

बार्देशी_कोडर

सासष्टीकर, कृपा करून सिंक्रोनस ऑफ मागे घ्या. ते ऑफ केलं की डेटा डिस्कवर उतरला का याची वाट बघणं बंद होतं. नेमक्या त्या क्षणी वीज गेली तर फाइलच खराब होऊ शकते. जून महिन्यात इन्व्हर्टरची बॅटरी उतरलेली असताना हे होणारच. डब्ल्यूएएल मोड (बदल आधी वेगळ्या फाइलमध्ये लिहिण्याची पद्धत) लावा आणि सिंक्रोनस नॉर्मल ठेवा. वीज गेली तर शेवटच्या काही नोंदी जाऊ शकतात, डेटाबेस शाबूत राहील. मी तर सिंक्रोनस 'फुल'वरच ठेवलंय, कारण फार्मसीत शेवटची नोंदही जायला नको.

वेर्णा_शिफ्ट

इथे मी धागाकर्त्याच्या बाजूनं. एक्सक्लूजनचंही तसंच. दुकानात पेन ड्राइव्ह रोज लागतात, कोणाकोणाचे ते दुकानदारालाही ठाऊक नसतं. आपला प्रोग्राम वेगात दिसावा म्हणून त्याच्या घराचं एक दार उघडं ठेवायचं नाही.

जुना_फॉक्सप्रो

माझं मत तुम्हा सगळ्यांहून वेगळं आहे. मी पणजीत फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेस प्रोग्रामवर हॉटेलांचं बिलिंग केलं, १६ एमबी रॅमवर. कळ दाबली की अक्षर उमटायचं आणि यादी उघडायची, वाट बघणं माहीतच नव्हतं. आज अक्षर आणि डिस्क यांच्यामध्ये सात थर आहेत: फ्रेमवर्क, त्यावर ओआरएम (डेटाबेसशी परस्पर बोलणारा थर), त्यावर कंट्रोलची विकत घेतलेली लायब्ररी. हँडल कुठे गळतंय हे प्रोग्रामरला कळत नाही, कारण हँडल असतं हेच त्याला माहीत नसतं. दोष मशीनचाही नाही आणि त्या मुलांचाही नाही, थरांचा आहे. थर कमी करा.

बार्देशी_कोडर

काका, हँडलबद्दलचं पटलं. पण थरांवर सगळं टाकता येत नाही. २०२१ सालचं जीटीए ऑनलाइन या गेमचं उदाहरण घ्या. गेम सी प्लस प्लसमध्ये, मध्ये असले थर नाहीत, तरी लोडिंगला मिनिटंच्या मिनिटं जायची. एका प्रोग्रामरनं सोर्स कोड हातात नसताना प्रोफायलर (वेळ कुठे जातो ते मोजणारं साधन) लावला. १० एमबीची जेसॉन (मजकूर स्वरूपातल्या डेटाची) फाइल वाचताना प्रत्येक मूल्यामागे उरलेल्या मजकुराची लांबी पुन्हा पहिल्यापासून मोजली जात होती. शिवाय ६३ हजार नोंदींतली प्रत्येक नोंद आधी आलीय का हे बघायला सगळी यादी चाळली जात होती. त्याच्या मशीनवर ६ मिनिटांचं लोडिंग १ मिनिट ५० सेकंदांवर आलं. कंपनीनं दुरुस्ती स्वीकारली आणि त्याला १० हजार डॉलर दिले. कित्येक वर्षं लोक तिथेही हेच म्हणत असणार की माझं मशीन कमी पडतंय.

नवखा_फोंडा

मी फोंड्यात नोकरीला लागून एक वर्ष झालं. आम्हाला कॉलेजात शिकवलं की आधीच ऑप्टिमाइझ करू नका, ते सगळ्या दुखण्यांचं मूळ आहे. बार्देशीदादा सांगतात ते जुनं मशीन ठेवलं तर आम्ही पहिल्या दिवसापासून मिलिसेकंदच मोजत बसू आणि फीचर होणारच नाही. टीम लीडही तेच म्हणतात.

डिचोलीची_सपोर्ट

नवख्या, ते वाक्य संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड क्नुथ यांच्या १९७४ च्या लेखातलं आहे आणि ते अर्धंच शिकवलं जातं. ९७ टक्के वेळा बारीकसारीक बचतीचा विचार सोडा असं ते म्हणतात, आणि लगेच पुढे म्हणतात की उरलेल्या निर्णायक ३ टक्क्यांतली संधी सोडू नका. ते ३ टक्के कुठले हे मोजूनच कळतं.

आता माझा मुद्दा. मी अकरा वर्षं फोनवर आहे. ग्राहक 'स्लो' म्हणतो तेव्हा त्याचे दहा अर्थ असतात, आणि डेव्हलपर त्यातला स्वतःला माहीत असलेला धरून बसतो. डिचोलीजवळच्या एका काजू कारखान्याचं ऑफिस, तक्रार तीच, प्रोग्राम फार स्लो. आमच्या मुलांनी दोन आठवडे क्वेऱ्या तपासल्या. मी फोनवर विचारलं, "नेमकं काय करताना?" ती मुलगी म्हणाली, "गेट पास उघडताना." "रोज?" "नाही, वरचे साहेब रजेवर असले की." साहेबांच्या केबिनमधला नेटवर्क प्रिंटर त्या मशीनवर डीफॉल्ट होता. साहेब नसले की प्रिंटर बंद, आणि आमची स्क्रीन उघडताना कागदाचा आकार त्याच प्रिंटरला विचारायची. उत्तर येईना म्हणून अर्धा मिनिट गप्प. तिथे रॅम वाढवली असती तर काय झालं असतं?

म्हणून मी तीन गोष्टी विचारते: कधीपासून, दिवसाच्या कुठल्या वेळी, कुठल्या स्क्रीनवर. पहिल्या उत्तरातून डेटा वाढला की अपडेट आलं हे कळतं. संध्याकाळीच होत असेल तर काहीतरी साठत चाललंय. एकाच स्क्रीनवर असेल तर मशीन सोडून द्या.

पण जुन्या मशीनच्या हट्टाशी मी सहमत नाही. तुमच्या ऑफिसातल्या मशीनवर साहेबांचा प्रिंटर नसणार. दर ग्राहकाकडे स्टूल टाकून बसणंही जमणार नाही, आमचे ग्राहक काणकोणपर्यंत आहेत. प्रोग्राममध्येच घड्याळ ठेवा. यूआय थ्रेड अर्ध्या सेकंदाहून जास्त अडकला की स्क्रीनचं नाव, वेळ, मेमरी आणि हँडलची संख्या एका साध्या फाइलमध्ये लिहा. ती फाइल दुकानदार व्हॉट्सअॅपवर पाठवतो. फक्त रुग्णाचं किंवा गिऱ्हाइकाचं नाव त्यात जाता कामा नये, हे आधीच बघा.

वेर्णा_शिफ्ट

ताईंचा लॉग पटला, त्याला खर्च नाही. चार दिवसांबद्दल माझं मत तेच आहे. एक सुचवतो: आधी डिस्क बदलून द्या म्हणजे माणूस त्या दिवशी सुटेल, मग निवांत कारण शोधा. जखमेवर पट्टी बांधूनच डॉक्टर एक्स-रे काढतो.

बार्देशी_कोडर

निवांत शोधणं कधी होत नाही, ही माझी अडचण आहे. तक्रारीचा फोन थांबला की कामही थांबतं. आमच्याकडे वर्षभर तेच झालं.

ताई, घड्याळ गेल्या आठवड्यात टाकलं. पहिली फाइल आली आहे. शुक्रवारी रात्री आठला जीडीआय ६४०, शोध कुठेच अर्ध्या सेकंदावर नाही. पण बिल सेव्ह करताना दिवसभरात नऊ वेळा एक सेकंदाहून जास्त लागलाय, आणि वेळा बघितल्या तर जवळजवळ तासातासाच्या अंतरानं. आमच्या प्रोग्राममध्ये दर तासाला चालणारं काहीच नाही. वेर्णावाले म्हणतील डिस्क मरतेय, आणि ते खरंही असेल. म्हणून आज डिस्कची 'स्मार्ट' आकडेवारी (डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद) मागवली आहे, आणि येत्या शुक्रवारी प्रोसेस मॉनिटर (कुठला प्रोग्राम कुठली फाइल वापरतो ते दाखवणारं साधन) लावून पुन्हा त्याच स्टुलावर बसतोय.

डिचोलीची_सपोर्ट

जाण्याआधी मालकांना विचारा, फार्मसीच्या कॉम्प्युटरवर सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग साठतं का. आमच्या दोन दुकानांत तासाची एक फाइल बंद होऊन दुसरी उघडायची, आणि नेमकी तेव्हाच डिस्क अडायची.