मदत हवी आहे : बोका ट्रे सोडून सासऱ्यांच्या गादीवर लघवी करतो आहे

आमच्या घरी ४ वर्षांचा देशी बोका आहे. त्याचे नाव गुंड्या. वजन साडेपाच किलो, नसबंदी सातव्या महिन्यात झालेली, आणि तेव्हापासून तो घराबाहेर गेलेला नाही. आम्ही ठाण्यात चौथ्या मजल्यावर राहतो. पिल्लू असताना दोन-तीन दिवसांतच त्याने ट्रे (मांजराने शी-शू करण्याचा पसरट डबा) ओळखला होता आणि गेल्या महिन्यापर्यंत घरात इतरत्र त्याने एकदाही लघवी केली नव्हती. हे मुद्दाम सांगते, कारण ‘वळणच लावले नाही’ हा आक्षेप सध्या मला घरातूनच रोज ऐकावा लागतो.

जूनच्या पहिल्या आठवड्यात सासऱ्यांच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली. न्हाणीघर जवळ पडावे म्हणून त्यांची झोपण्याची सोय दिवाणखान्यात, गॅलरीच्या दारालगतच्या दिवाणावर केली. गुंड्याचा ट्रे तेथेच असे. तो उचलून स्वयंपाकघरामागे, धुण्याच्या जागेत वॉशिंग मशीनशेजारी ठेवला. भेटायला येणाऱ्यांना वास येऊ नये म्हणून नेहमीचे साधे, गोळे बनणारे बेंटोनाइट मातीचे लिटर (ट्रेमध्ये घालायचे, लघवी शोषणारे दाणे) बंद करून लव्हेंडरच्या वासाचे आणले. जखमेला संसर्ग होऊ नये या काळजीने दिवसातून दोनदा फिनेल घालून फरशी पुसली जाऊ लागली.

दहा-बारा दिवस काहीच घडले नाही. मग एके सकाळी गॅलरीच्या दारातले पायपुसणे ओले सापडले. नंतर धुवायच्या कपड्यांची टोपली, आणि गेल्या आठवड्यात तीन वेळा थेट दिवाण. कापसाची गादी आहे, बाहेर पाऊस थांबत नाही, दोन दिवस पंख्याखाली ठेवूनही ती आतून दमटच राहते.

परवा रात्री मी स्वयंपाकघरातला दिवा मालवून त्याच्यावर लक्ष ठेवले. तो ट्रेमध्ये गेला, पुढचे दोन्ही पाय ट्रेच्या काठावर टेकवले, लिटरला पंजाही न लावता ट्रेच्या प्लास्टिकच्या कडेवर तीन-चार ओरखडे काढले, क्षणभर बसला आणि काही न करताच बाहेर आला. तेथून सरळ दिवाणावर चढला, सासऱ्यांच्या पायथ्याशी पडलेल्या सोलापुरी चादरीवर बसला, लघवी केली आणि चादरीचे टोक पंजाने ओढून ओढून त्यावर घातले. ती चादर नसून माती आहे अशा बेताने.

जवळच्या एका पशुवैद्यांना दाखवले होते. त्यांनी लघवी न तपासता पाच दिवसांचे प्रतिजैविक दिले. चौथ्या दिवशी तो बरा वाटला आणि नवव्या दिवशी पुन्हा तेच सुरू झाले. घरातल्यांचे म्हणणे असे की आपली जागा गेली म्हणून त्याने बाबांवर डूख धरला आहे. मला ते पटत नाही, पण दुसरे उत्तरही माझ्याजवळ नाही. सासऱ्यांची जखम नवी असल्याने हे फार दिवस चालवून घेता येणार नाही. त्याला कोणाकडे तरी देऊन टाकण्याची भाषा सुरू झाली आहे. कृपया अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

रानजाई :
ताई, ट्रे, लिटर, गादी हे सारे नंतर पाहू. आधी एवढेच सांगा, की तो दिवसातून किती वेळा लघवीला बसतो आणि प्रत्येक वेळी ओला डाग केवढा पडतो?

बोक्याचा मूत्रमार्ग भाटीपेक्षा बराच अरुंद असतो आणि खड्याच्या कणांनी किंवा चिकट गाळाने तो बंद होऊ शकतो. तो वारंवार बसत असेल, कण्हत असेल, थेंबभरच येत असेल किंवा काहीच येत नसेल, उलट्या करत असेल, सतत लिंग चाटत असेल, तर सकाळची वाट पाहू नका, रात्रीच घेऊन जा. लघवी अडली की रक्तातले पोटॅशियम वाढून हृदयावर परिणाम होतो आणि एक-दोन दिवसांत जनावर दगावते. पोट दाबून लघवी काढण्याचा प्रयत्न करू नका. माणसांची वेदनाशामक गोळी तर चुकूनही देऊ नका, कारण पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा मांजराच्या जिवावर बेतते.

प्रतिजैविकाबद्दल थोडे स्पष्ट लिहिते. तरुण मांजरांत जिवाणूंमुळे होणारा मूत्रसंसर्ग कमी आढळतो. त्यांच्यात बहुतेक वेळा मूत्राशयाचा दाह असतो, ज्याला ठोस असे एकच कारण सापडत नाही आणि जो ताणाने उफाळतो. हा दाह पुष्कळदा आठवडाभरात आपोआप ओसरतो. त्यामुळे त्या दिवसांत जे औषध चालू असेल त्याला श्रेय मिळते आणि ताण तसाच राहिला की दुखणे परत येते. तुमच्या ‘चौथ्या दिवशी बरा, नवव्या दिवशी पुन्हा’ या वाक्यात मला तेच दिसते, अर्थात तपासणीशिवाय हा केवळ अंदाज आहे. लघवीची तपासणी आणि सोनोग्राफी करून घ्या. नमुना ताजाच तपासायला हवा, कारण फ्रिजमध्ये ठेवलेल्या लघवीत थंडीमुळेही स्फटिक तयार होतात आणि नसलेल्या आजाराचे औषध सुरू होते. जवळपास सोय नसेल तर परळला पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या आवारात बाई साकरबाई दिनशा पेटिट पशुरुग्णालय आहे, तेथेही दाखवता येईल.

जुना_वाचक :
आमच्या लहानपणी मांजराने घरात घाण केली की त्याचे नाक त्यात घासत असत आणि दोन फटके देत असत. पुन्हा करत नसे.

दोन_भाट्या :
पुन्हा करत नसे, की पुन्हा तुमच्या देखत करत नसे? मांजराला त्या शिक्षेतून एवढेच कळते की लघवी करताना माणूस दिसला तर पळावे. मग ते कपाटामागे जाते, जेथे आपल्याला महिनाभर पत्ता लागत नाही. कृपया हा उपाय कोणी करू नये.

धागाकर्त्या ताईंना माझे म्हणणे सांगते. तुम्ही दिलेले वर्णन मी दोनदा वाचले. पायपुसणे गॅलरीच्या दारात होते, दिवाण गॅलरीच्या दारालगत आहे आणि ट्रे पूर्वी तेथेच होता. तो बाबांच्या गादीवर जात नसून आपल्या जुन्या जागी जातो आहे आणि त्या जागेवर तुम्ही गादी आणून ठेवली आहे, असा उलट विचार करून पाहा. टोपलीतले कपडे मऊ आणि शोषून घेणारे असतात, म्हणून पर्याय म्हणून ते त्याने निवडले असावेत. शिवाय त्याने चादर ओढून झाकले. सूड घेणारा प्राणी झाकाझाक कशाला करील?

हा फवारा मारण्याचा प्रकारही दिसत नाही. फवारा मारणारा बोका उभा राहतो, शेपटी ताठ करून थरथरवतो आणि भिंतीवर किंवा पडद्यावर थोडीशीच लघवी उडवतो. तुमचा गुंड्या बसून, आडव्या पृष्ठभागावर लघवी करतो.

आता ट्रेबद्दल. काठावर पाय टेकवणे आणि लिटरऐवजी प्लास्टिक खाजवणे याचा अर्थ त्याला ते लिटर पायाला नको आहे. मांजराचे नाक आपल्यापेक्षा कितीतरी तीक्ष्ण असते. आपल्याला सुगंधी वाटणारे लव्हेंडर त्याला त्या बंदिस्त कोपऱ्यात असह्य होत असेल. त्यातून शेजारी वॉशिंग मशीन. आमच्या थोरल्या भाटीने मशीन कपडे पिळायला लागले तेव्हा ट्रेमधून अशी उडी मारली होती, की नंतर दोन महिने ती त्या खोलीत पाऊल टाकत नव्हती. एका मांजराला दोन ट्रे असावेत, वेगवेगळ्या ठिकाणी, आणि लांबी नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंतच्या मापाच्या दीडपट. दुकानात मिळणारे बहुतेक ट्रे साडेपाच किलोच्या बोक्याला अपुरे पडतात. मी भांड्यांच्या दुकानातून सामान भरायची मोठी प्लास्टिकची पेटी आणली, झाकण टाकून दिले आणि एक बाजू तापलेल्या सुरीने खाली कापून कड घासून घेतली. लिटर २ ते ३ इंच खोल आणि बिनवासाचे.

औषधी_वेल :
फिनेलचा मुद्दा कोणी घेतला नाही म्हणून लिहितो. काळे फिनेल आणि पाण्यात घातल्यावर दुधाळ होणारी जंतुनाशके यांतील फिनॉलच्या जातीची द्रव्ये मांजराच्या यकृताला नीट निकामी करता येत नाहीत. मांजर पुसलेल्या फरशीवरून चालते आणि नंतर पंजे चाटते. दिवसातून दोनदा हे होत असेल तर ते ताबडतोब थांबवावे. सासऱ्यांच्या जखमेची स्वच्छता ड्रेसिंगने राखली जाते, फरशीला साबणाचे पाणी पुरेसे आहे. लघवीच्या डागावर ब्लीचही ओतू नये, कारण लघवीतल्या अमोनियाशी संयोग होऊन घातक वायू निघतो. अमोनिया असलेले क्लीनर तर त्याला आणखी एक निमंत्रणच.

डागासाठी पाळीव प्राण्यांच्या दुकानात मिळणारे एन्झाइमचे द्रावण वापरा, पण ते फवारून लगेच पुसू नका. लघवी जितकी खोल गेली तितके ते खोल मुरले पाहिजे आणि नंतर सावकाश वाळले पाहिजे. अंधार करून अतिनील टॉर्च मारला तर विसरलेले जुने डागही चमकतात. टॉर्च मारल्यावर धीर धरा, आमच्या घरी सोफ्याखाली आकाशगंगाच दिसली होती. कापसाच्या गादीविषयी मात्र माझे मत कठोर आहे. पावसाळ्यात ती वाचत नाही. पिंजून घेतली तरी वास कापसातच राहतो. ती काढून टाका आणि नव्या गादीवर पहिल्या दिवसापासून जलरोधक आवरण घाला.

धागाकर्ती :
सर्वांचे मनापासून आभार. रानजाई यांचा प्रतिसाद वाचून त्याच संध्याकाळी दुसऱ्या पशुवैद्यांकडे गेलो. तो दिवसाला सात-आठ वेळा बसत होता आणि डाग तळहाताएवढे पडत होते, म्हणजे मार्ग बंद नव्हता. सोनोग्राफीच्या मदतीने सुईने मूत्राशयातून नमुना घेऊन तेथेच तपासला. लघवी फार दाट, तीत रक्तपेशी भरपूर, स्फटिक नाहीत. कल्चरमध्ये जिवाणू वाढले नाहीत. मूत्राशयाची भिंत किंचित जाड, खडा नाही. निदान मूत्राशयाच्या दाहाचे. त्यांनी काही दिवसांचे वेदनाशामक दिले, प्रतिजैविक दिले नाही आणि लघवी पातळ राहावी म्हणून कोरड्या खाण्याऐवजी ओले खाणे सुरू करायला सांगितले.

एक प्रश्न उरतो. ट्रे मूळ जागी न्यायचा तर तो सासऱ्यांच्या उशापासून हातभर अंतरावर येतो. त्यांना हे कसे सांगावे, हेच मला समजत नाही.

रानजाई :
ताई, त्यांना सूड वगैरे न सांगता आजाराचे नाव सांगा. लघवी करताना आग होते म्हणून तो जागा बदलत फिरतो, हे वडीलधाऱ्या पुरुषांना फार लवकर समजते असा माझा अनुभव आहे. आणि सगळे एकाच दिवशी बदलू नका. लिटर आणि जागा आधी, बाकी सावकाश.

दोन_भाट्या :
दिवाणाची दिशा फिरवता येईल का? उशाचा पायथा केला तर तेवढ्यानेच चार हातांचे अंतर मिळते. ट्रे आधी बरोबर जुन्या जागी ठेवा आणि तो नियमित वापरू लागला की रोज वीतभर सरकवत हवा तेथे न्या. एका दिवसात हलवलात की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

धागाकर्ती :
तीन आठवड्यांनंतर लिहिते आहे. दिवाण फिरवला. चपलांचे कपाट मध्ये आडवे लावून त्यामागे मोठी पेटी ठेवली, तीत जुनेच बेंटोनाइट घातले, आणि दुसरा ट्रे आमच्या झोपण्याच्या खोलीत. पहिल्या रात्री दीडच्या सुमारास लिटर उकरल्याचा खरखर आवाज आला आणि तो चांगला मिनिटभर चालला. मी आणि माझे यजमान अंथरुणात उठून बसून तो ऐकत होतो. कापसाची गादी गेली. फिनेल बंद झाले, त्यावर दोन दिवस कामाच्या मावशींशी वाद झाला. पाण्याची भांडी तीन ठिकाणी ठेवली, तरी गुंड्या पाणी पितो ते सासऱ्यांच्या औषधाच्या फुलपात्रातूनच, त्यामुळे आता त्यांना दुसरे फुलपात्र दिले आहे.

मधल्या काळात एकदा चूक झाली. सासरे वॉकर घेऊन उठले, त्याची झिजलेली बुचे फरशीवर खटखट वाजली, आणि ट्रेमध्ये बसलेला गुंड्या अर्ध्यावर उठून पायपुसण्यावर गेला. वॉकरला नवी रबरी बुचे बसवली, आवाज कमी झाला, त्यानंतर अकरा दिवस घर कोरडे आहे.

पशुवैद्यांनी लिटरमधून लघवीचे रोज किती गोळे निघतात आणि केवढे निघतात याची नोंद ठेवायला सांगितले होते, कारण गोळे एकाएकी लहान किंवा नाहीसे झाले तर ती धोक्याची सूचना असते. ही नोंद सासऱ्यांनी आपणहून स्वतःकडे घेतली आहे. दिवसभर त्यांना दुसरे काम नसते. व्यायामाच्या तक्त्याच्या मागच्या बाजूला ते तारीख, वेळ आणि ‘लिंबाएवढा’, ‘सुपारीएवढा’ अशी मापे लिहितात. काल दुपारी त्यांनी मला कार्यालयात फोन करून कळवले की सकाळपासून एकही गोळा नाही, रिक्षा करून ताबडतोब ये. मी घरी पोहोचेपर्यंत दोन झाले होते, दोन्ही लिंबाएवढे.