मदत हवी आहे: बाबांचं रक्त सारखं कमी होतंय

बाबांना लिव्हर सिरोसिस आहे, म्हणजे यकृत कडक होत जाण्याचा आजार. आम्ही दारव्ह्याजवळच्या खेड्यात राहतो. दिवाळीत नागपूरला अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरांना बँडिंग केलं, म्हणजे रबरी बँड लावून त्या बांधल्या. रक्ताची उलटी थांबली, पण हिमोग्लोबिन 9 वरून 6.4 वर आलं. दोन पिशव्या रक्त चढवलं, महिन्यात पुन्हा तेच. नखं पांढरीफटक, ओट्यावर चढतानाच धाप लागते. आता एंडोस्कोपीत जठराच्या खालच्या भागात लाल पट्टे दिसले, तिथून रक्त झिरपतं म्हणे. डॉक्टरांनी एपीसी, म्हणजे आर्गॉन वायूने ती जागा जाळायला सांगितलंय. कोणाच्या घरी केलंय का? किती वेळा करावं लागलं? महात्मा फुले योजनेत बसतं का? आणि लोहाच्या गोळ्यांनीही संडास काळी होते, मग रक्ताची कशी ओळखायची? डांबरासारखी चिकट, घाण वासाची दिसली की मी थेट 108 ला फोन लावते. पायदुखीसाठी बाबा दुकानातून आणायचे त्या पेनकिलर बंद केल्यात.