मदत हवी आहे: प्रार्थनेच्या वेळच्या भाषणाने चिडवणं थांबतं का?

नमस्कार. आम्ही डिचोलीचे, मुलगी तिसरीत. सुक्या बांगड्याचा वास येतो म्हणून वर्गातली मुलं तिच्या डब्याला नाक धरतात. डबा भरलेलाच परत येतो.

बाईंना सांगितलं. त्यांनी मनापासून प्रार्थनेच्या वेळी भाषण ठेवलं, सगळ्यांना शपथ दिली. सगळ्यांत मोठ्याने शपथ त्याच मुलांनी घेतली म्हणे! आता तिला 'चुगलखोर' हे नवं नाव पडलंय.

फिनलंडच्या 'किवा' या शाळांतली चिडवाचिडवी थांबवण्याच्या उपक्रमात शिक्षक वर्गातच याचे धडे वर्षभर घेतात, बघ्या मुलांना मध्ये पडायला शिकवतात. मला तेच पटतं.

आपल्याकडे प्राथमिकच्या कुणा शिक्षकांनी असं काही केलंय का? बाईंना न दुखावता हे कसं सुचवू?