शब्दचर्चा : छपरावरच्या ‘क्युपोला’ला मराठीत काय म्हणावे?

छपराच्या आढ्यावर शोभेसाठी किंवा हवेसाठी बसवतात त्या छोट्या मनोऱ्यासारख्या क्युपोलाला ‘घुमट’ म्हणावे का, असा प्रश्न आहे. माझ्या मते म्हणू नये. घुमट म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर विजापूरचा सुमारे ४४ मीटर व्यासाचा गोल घुमट उभा राहतो. गंमत अशी की इटालियनमध्ये ‘कुपोला’ म्हणजे मोठा घुमटच. इंग्रजीत आल्यावर तो शब्द आक्रसला.

‘छत्री’ हा शब्द मोह पाडणारा आहे खरा, परंतु वानवडीच्या शिंदे छत्रीसारख्या वास्तूंमुळे तो आपल्याकडे समाधीशी जोडला गेला आहे, शिवाय छत्रीला खांब आणि चहूबाजूंनी मोकळीक लागते. अमेरिकेतील जुन्या कोठारांवरच्या क्युपोलाला मात्र चार भिंती असतात आणि त्यांत तिरप्या पट्ट्यांच्या झडपा, ज्यांतून साठवलेल्या गवताची ऊब व दमट हवा बाहेर पडते आणि पाऊस सहसा आत येत नाही. माउंट व्हर्नन येथील, अमेरिकेचे पहिले अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या घरावरच्या क्युपोलाच्या खिडक्या उघडल्या की उन्हाळ्यातली गरम हवा वर ओढली जाई. त्याच्या टोकावर १७८७ साली शांतिदूत कबुतराचे वातकुक्कुट बसवण्यात आले. (कबुतराला ‘कुक्कुट’ म्हणावे लागते, ही आणखी एक शब्दचर्चा!) ‘कळस’ म्हणायचेच झाले तर ते एवढ्या टोकालाच शोभेल.

मूळ शब्दच ठेवावा, तर कोल्हापूरच्या फौंड्रीत ‘क्युपोला’ म्हणजे बीड वितळवण्याची भट्टी. राहता राहिली ‘घुमटी’. गोव्यात घुमटी म्हणजे वाटेवरचे छोटे देवस्थान, म्हणून नुसता शब्द फसवा ठरेल. पण ‘आढ्यावरची घुमटी’ म्हटले की गोंधळ उरत नाही, कारण तिचे बूडच आढ्याच्या दोन्ही उतारांवर खोगिरासारखे बसेल असे कापलेले असते.

शब्द वाक्यात चालतो का, हे क्युपोलाचे माप निवडण्याच्या प्रचलित नियमावर तपासून पाहिले : ‘घुमटीची रुंदी आढ्याच्या दर फुटास सव्वा ते दीड इंच धरावी, म्हणजे २४ फुटी आढ्याला ३० ते ३६ इंचांची घुमटी घ्यावी, आणि जमिनीवरून ती नेहमी लहान दिसत असल्याने दोन मापांत अडखळल्यास मोठे माप घ्यावे.’ मला तरी यात कुठे खडा लागला नाही.