जुन्या वर्तमानपत्रांचं ओसीआर केलं, तरी शब्द सापडत नाहीत

दप्तर_उघडा: १८९७ च्या पुण्यातल्या प्लेगबद्दल मराठी वर्तमानपत्रांत काय छापून येत होतं, यावर काम चालू आहे. सुमारे ६०० पानांचे स्कॅन आहेत. टेसरॅक्ट या ओसीआर (चित्रातला मजकूर ओळखणाऱ्या) प्रोग्रॅममधून मजकूर काढला, पण शेजारशेजारच्या रकान्यांच्या ओळी एकमेकींत घुसतात. 'प्लेग' शोधलं तर जेमतेम ४० पानं येतात, नुसतं चाळलं तरी याहून कितीतरी जास्त दिसतात. चुकतंय कुठे?

खिळेजुळारी: रकान्यांपासून सुरुवात करा. रकान्यांमधली उभी रेघ पुसट असली की टेसरॅक्ट ती ओलांडून सरळ पुढे वाचतं. प्रत्येक रकाना कापून वेगळी प्रतिमा करा आणि पीएसएम (पानाची मांडणी कशी धरायची ती सूचना) ६ लावा, म्हणजे तो सलग एकच ठोकळा धरतो. स्कॅन ३०० डीपीआयचा (इंचाला ३०० ठिपके) हवा. १५० चा फुगवून ३०० केला तर अक्षर मोठं होतं, तपशील वाढत नाही. भाषा फक्त मराठी ठेवा. इंग्रजी जोडलीत तर फुटक्या अक्षरांच्या जागी रोमन कचरा येतो.

स्कॅन टेलर या स्कॅन साफ करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये पानं सरळ करणार असाल तर डाग काढण्याची सोय आधी बंद करा. ती धुळीबरोबर अनुस्वारही पुसते, आणि त्या काळच्या छपाईत अनुस्वार पावलोपावली आहेत. शिरोरेघ तुटलेली असेल तर एका शब्दाचे दोन होतात. घ-ध, भ-म, थ-य या जोड्या हमखास उलटसुलट होतात.

शोधक_नजर: ओसीआर सुधारलं तरी निम्मं दुखणं शोधातच आहे. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांआधीचा मजकूर आहे हा: नाहीं, घरांत, असें, तें. आजच्या वळणाने 'घरात' शोधाल तर 'घरांत' हाती लागणार नाही. रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये (शोधाच्या नमुन्यात) अनुस्वारापुढे प्रश्नचिन्ह टाका, म्हणजे तो असला-नसला तरी चालतं. शिवाय नुसत्या 'प्लेग'वर थांबू नका. 'ग्रंथिक सन्निपात', 'गांठ', 'साथ', 'क्वारंटाइन' हेही बघा. 'साथ'मध्ये भलतंसलतं खूप येईल, ते हातानेच वेगळं करावं लागतं.

आणखी एक छुपी भानगड. 'अधिकाऱ्यांनी'मधला अर्धा र युनिकोडमध्ये (संगणकात प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत) दोन तऱ्हांनी लिहिला जातो: एकदा नुक्तावाला ऱ आणि हलन्त, एकदा साधा र, हलन्त आणि झीरो विड्थ जॉइनर (अक्षरं जोडणारं अदृश्य चिन्ह). दिसायला जुळे, पण शोधाला दोन वेगळे शब्द. एनएफसी नॉर्मलायझेशनने (युनिकोडची रूपं एकसारखी करण्याच्या ठरलेल्या पद्धतीने) हे मिटत नाही. मूळ मजकुराला हात न लावता शोधापुरती दुसरी प्रत करा आणि तिच्यात एकच रूप ठेवा.

दप्तर_उघडा: रकाने कापून बघते. शब्दांची वारंवारता काढताना मात्र 'प्लेगची'चे तुकडे 'प', 'ल', 'गच' असे येतात. ते कशामुळे?

शोधक_नजर: मात्रा आणि हलन्त ही युनिकोडच्या लेखी 'अक्षरं' नाहीत, 'चिन्हं' आहेत. पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेच्या नेहमीच्या शोध-मॉड्यूलमध्ये (re) शब्द-अक्षराच्या खुणेत (\w) ती धरलीच जात नाहीत, म्हणून शब्द तिथे तुटतो. देवनागरीचा सगळा पट्टा, ०९०० ते ०९७एफ, आणि दोन्ही जॉइनर (जोडणारा आणि जोड तोडणारा) स्वतः लिहून द्या. दंड तेवढा वगळा. अँटकॉन्क हा शब्द मोजणारा प्रोग्रॅम वापरत असाल तर टोकनच्या (एक शब्द कशाला धरायचं त्या) व्याख्येत 'मार्क' हा गट निवडला आहे ना ते बघा.

शके_इसवी: फाइलींची नावं तारखेने द्या: वर्ष, महिना, दिवस, पान, रकाना. १८९७-०६-२२ असं लिहिलं की क्रम आपोआप लागतो. जिथे फक्त शके आहे तिथे ७८ मिळवा. पण १ जानेवारीपासून फाल्गुन अखेरपर्यंत ७९. शके १८१८ चा फाल्गुन १८९७ मध्ये येतो, १८९६ मध्ये नाही, आणि प्लेगच्या पहिल्या महिन्यांत नेमका हाच घोळ होतो.

आकडे मांडण्याआधी कुठलीही २० पानं चिठ्ठ्या टाकून निवडा आणि शब्द हाताने मोजा. हाताने ३० आणि यंत्राने २१ आले, तर दहातले तीन उल्लेख निसटताहेत. दोन वर्षांच्या स्कॅनचा दर्जा वेगळा असेल तर ही मोजणी प्रत्येक वर्षासाठी वेगळी करा. नाहीतर 'उल्लेख वाढले' म्हणून जे दिसतं ते नुसतं चांगल्या शाईचं श्रेय असू शकतं.