कबाला: "देवाने स्वतःला आकसून घेतलं" हे कुणी नीट समजावून सांगेल का?

सातारकरीण:
नमस्कार मंडळी, मी साताऱ्याची. घरी दासबोधाचं वाचन असतं, दासनवमीला सज्जनगडावर जाणं होतं, त्यामुळे या विषयांची आवड आधीपासूनच आहे. मध्यंतरी भावाने एका ऑनलाइन कोर्सची जाहिरात पाठवली, कबाला शिका, लाल धागा बांधा, नशीब बदला वगैरे. तो नाद सोडला, पण ही ज्यू धर्मातली गूढ परंपरा आहे तरी काय म्हणून वाचायला घेतलं तर त्यात आलं की जग निर्माण करण्याआधी देवाने स्वतःला आकसून घेतलं, आणि ते काही डोक्यातून जाईना. जो अनंत आहे, सगळीकडे भरलेला आहे तो आकसणार कुठे आणि कशासाठी? कुणी मनापासून वाचलं असेल तर सांगा प्लीज. तोडगे, ज्योतिष नको.

मिरजेचा_वाचक:
ताई, तुम्ही एकदम गाभ्यालाच हात घातलाय. ही कल्पना इसहाक लुरिया यांची. जन्म १५३४, जेरुसलेमचा, वाढले इजिप्तमध्ये, १५७० च्या सुमारास गालीलमधल्या (आजचा उत्तर इस्राएल) त्सफात गावी आले आणि १५७२ मध्ये साथीत गेले. म्हणजे त्सफातमध्ये जेमतेम दोन वर्षं मिळाली, स्वतः फारसं लिहिलं नाही, शिष्य हाईम विताल यांनी लिहून ठेवलं म्हणून आज आपल्याला कळतंय.

आता मुद्दा. देवाला ते एन सोफ म्हणतात, अंत नसलेला. सगळं त्यानेच भरलंय तर दुसऱ्या कशाला जागाच उरत नाही, म्हणून तो आधी मागे सरला आणि जागा मोकळी केली, याला त्सिमत्सुम म्हणतात. त्या पोकळीत प्रकाशाचा एक किरण आला, तो धरायला पात्रं होती पण खालच्या पात्रांना तो पेलला नाही आणि ती फुटली, प्रकाशाच्या ठिणग्या तुकड्यांबरोबर खाली आल्या आणि टरफलांत अडकून बसल्या. आपलं जग हे असं, पहिल्यापासूनच तडा गेलेलं. माणसाचं काम काय तर त्या ठिणग्या सोडवणं, त्याला तिक्कुन म्हणतात. आणि ते ध्यानाला बसूनच होतं असं नाही, भाकरी खाण्याआधी मनापासून आशीर्वाद म्हटला तरी त्या भाकरीतली ठिणगी वर जाते अशी श्रद्धा. मला यातलं सगळ्यात मोठं हे वाटतं की देवाचं काम माणसाच्या हातून पूर्ण व्हायचंय. एवढी जबाबदारी माणसावर टाकणारं मी दुसरीकडे फार कमी वाचलंय.

कृष्णाकाठ_सांगली:
हे तर आपलं अद्वैतच झालं की, नावं फक्त वेगळी. काळ पण बघा, ज्ञानेश्वरी १२९० ची आणि त्यांचा झोहार, कबालाचा मुख्य ग्रंथ, पण तेराव्या शतकाच्या शेवटीच स्पेनमध्ये पुढे आला. सगळे संत एकच सांगतात.

मिरजेचा_वाचक:
दादा, काळ जुळतो हे खरं. झोहार शिमोन बार योहाई या दुसऱ्या शतकातल्या ऋषींच्या नावावर आहे पण बहुतेक अभ्यासक तो मोशे दे लिओन आणि त्यांच्या वर्तुळातला मानतात. पण "एकच सांगतात" हे मला पटत नाही. त्यांच्याकडे तोरा (बायबलची पहिली पाच पुस्तकं) आणि रोजचे विधिनियम सोडून कबाला नाहीच, जगाला मिथ्या म्हणून बाजूला सारायचं नाही, दुरुस्त करायचंय. हां, वाद त्यांच्यातही झालाय आणि तो तुम्हाला ओळखीचा वाटेल. आकसणं खरंच घडलं की फक्त आपल्या बाजूने तसं दिसतं? अठराव्या शतकाच्या शेवटी हसीदी या ज्यू भक्तिपंथातले श्नेउर झाल्मन म्हणाले की देव कुठून हटलेलाच नाही, प्रकाश झाकलाय एवढंच. सातारकरीण ताईंच्या प्रश्नाचं एक उत्तर तिथे आहे, कुठे आकसणार? कुठेच नाही.

औंधकर:
थिअरीचं मला फार कळत नाही पण पुण्यात नोकरीला असताना शेजारी बेने इस्राएल, म्हणजे आपल्याकडचे मराठी ज्यू, कुटुंब होतं, काकू घरात आपल्यासारखंच मराठी बोलायच्या, त्यांच्यासोबत एकदा शुक्रवारी संध्याकाळी कॅम्पातल्या लाल देवळात, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनागृहात गेलो. तिथे "लेखा दोदी" म्हणतात, शब्बाथला, म्हणजे त्यांच्या आठवड्याच्या विश्रांतीच्या पवित्र दिवसाला, नवरीसारखं बोलवायचं गाणं. शेवटच्या कडव्याला सगळेजण वळून दाराकडे तोंड करून उभे राहिले आणि थोडे वाकले, मला तर काटाच आला अंगावर. काकूंनी नंतर सांगितलं की हे गाणं पण त्या त्सफातचंच, श्लोमो अल्काबेत्झ यांचं, तिथले लोक तेव्हा गावाबाहेर शेतात जाऊन शब्बाथचं स्वागत करायचे.

मिरजेचा_वाचक:
फार छान सांगितलंत औंधकर. ती नवरी म्हणजेच शेखिना, देवाचं जगात राहणारं स्त्रीरूप, दहा सफिरोतपैकी (देव ज्या दहा रूपांतून प्रकटतो ती) शेवटची, मलखुत. लोकांबरोबर ती पण वनवासात आहे असं ते मानतात. १४९२ मध्ये स्पेनमधून ज्यूंना हाकललं, त्या दुःखातून लुरियाचं हे फुटलेलं जग आलं असं कबालाचे अभ्यासक गेर्शॉम शोलेम यांचं म्हणणं, दुसरे अभ्यासक मोशे इडेल यांना मात्र ते तितकं मान्य नाही.

सातारकरीण:
खूप खूप आभार सगळ्यांचे, आता वाचायला दिशा मिळाली. अजून एकच, पुनर्जन्म मानतात का हो ते? आणि चाळिशीच्या आत वाचू नये म्हणतात ते खरंय का?

मिरजेचा_वाचक:
कबालात मानतात, गिलगुल म्हणतात, राहिलेलं तिक्कुन पूर्ण करायला आत्मा परत येतो. पण सगळे ज्यू मानतात असं नाही, दहाव्या शतकात ज्यू पंडित सादिया गाओन यांनी ते साफ नाकारलंय. वयाचं म्हणाल तर शब्बताई झ्वी नावाच्या कबालिस्टाने स्वतःला मसीहा, म्हणजे ज्यूंचा तारणहार म्हणवलं आणि १६६६ मध्ये इस्लाममध्ये धर्मांतर केलं, लोक पार खचले, त्यानंतर काही ठिकाणी असे निर्बंध कडक झाले. लुरिया स्वतः गेले तेव्हा ३८ वर्षांचे होते. तुम्ही बिनधास्त वाचा, फक्त आधी त्यांचं बायबल, निदान उत्पत्तीचा भाग वाचून घ्या, कारण झोहार मुख्यतः तोरावरच बोलतो.