तुमची ‘लाईन’ कुठली? अनुभव लिहा

रानवाट:
काल रात्री भावाशी बोलत होते. मध्येच म्हणाला, "ताई, ठेवतो गं, लाईन आली." लेकीने विचारलं, "मामाची कुठली लाईन?" तिला सांगता सांगता मी थेट लहानपणात पोचले.

आमच्याकडे लाईन म्हणजे वीज. घरातली नव्हे, विहिरीवरच्या मोटारीची, थ्री फेज. आळीपाळीने येते, दिवसा 8 तास नाहीतर रात्री 10 तास. रात्रीची लाईन असली की दादा, म्हणजे माझे वडील, खांद्यावर फावडं टाकून, बॅटरी घेऊन गव्हाला दारं धरायला, म्हणजे पाणी वाफ्यावाफ्यात वळवायला जायचे. आई उंबऱ्यात बसून राहायची. लांब बांधावर उजेडाचा ठिपका हलला की म्हणायची, "हां, वरच्या वाफ्यात गेले." माझ्या अंगावर गोधडी ओढायची, स्वतः मात्र झोपायची नाही.

तुम्हाला हा शब्द ऐकून काय आठवतं? लिहा ना.

पार्ल्याची_डोंबिवलीकर:
रेल्वे!! दुसरं काय. माझं लग्न ठरलं तेव्हा आजी म्हणाली, "पोरगी दुसऱ्या लाईनीवर दिली." वेस्टर्नची सेंट्रलला आले. माहेरी जायचं तर दादरला पूल ओलांडायचा, कडेवर बाळ, हातात पिशवी. 1853 च्या 16 एप्रिलला बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी धावली, तीच ही आमची लाईन, म्हणून आता अभिमानही वाटतो. थांबा, कुकर झाला

शेवंती:
रानवाट, आईचं वाचून गलबलले. आमच्या वडिलांना अशाच रात्री पाटात फुरसं चावलं होतं. वाचले. तेव्हापासून घरात गमबूट आले.

रानवाट:
बाई गं! भावालाही सांगते गमबुटाचं. चपलेवरच जातो.

नाईट_ड्युटी:
आमच्या वॉर्डात "लाईन मिळत नाहीये" म्हटलं की सगळ्या धावतात. म्हणजे सलाईन लावायला शीर सापडत नाही. तान्ह्या बाळाला पिवळी सुई, 24 नंबरची. चिमुकला हात खालून उजेड धरून बघायचा, आई बाहेर रडत असते. सुईच्या मागच्या टोकाशी रक्ताचा थेंब दिसला की "मिळाली!" त्या क्षणी माझे हात थरथरायला लागतात, आधी नाही. 17 वर्षं झाली तरी.

पार्ल्याची_डोंबिवलीकर:
@नाईट_ड्युटी तुमच्या हातांना नमस्कार 🙏

हवालदाराचा_मुलगा:
मी पोलीस लाईनीत वाढलो. एका ओळीत खोल्या, सामाईक नळ. गणपतीत बाकीच्यांचे बाबा घरी आणि आमच्या अख्ख्या लाईनीतले बंदोबस्ताला. आरती आम्ही पोरं आणि सगळ्या आया मिळून म्हणायचो. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी बाबा यायचे, बूट काढले की पायाला मोज्याची नक्षी उठलेली असायची. आई गरम पाण्यात मीठ टाकून पाय शेकायची.

मिश्कील_काका:
अजून कुणी ‘लाईन मारणे’ लिहिलं नाही?? सगळे सज्जन दिसताय 😄

शेवंती:
काका, सुरुवात तुम्हीच करा 😄

मिश्कील_काका:
तिने आताच चहा आणून ठेवलाय. कॉलेजात बस स्टॉपवर तीन महिने उभा होतो. पुढचं तीच सांगेल.

गवंडीकाम:
आमच्यात लाईनदोरी. दोन टोकांना खिळे, मध्ये ताणलेला दोरा. वडील म्हणायचे वीट दोऱ्याला टेकवायची नाही, केसाएवढी फट ठेवायची. टेकली की दोरा ढकलला जातो अन् सगळ्या थराला पोट सुटतं. आजही कामावर पोरांना हेच शिकवतो. ओळंबा त्यांचाच वापरतो, पितळेचा.

शेवंती:
रानवाट, भावाने यंदा कांदा केलाय का? आमच्याकडे रोपं उरलीत.

रानवाट:
विचारते गं. आत्ता झोपला असेल, पहाटे 5 ला लाईन गेल्यावर घरी आला. वहिनीचा मेसेज होता, "आले."